वाडीतला फवारा

संजनाने नोकरी सोडली त्याला चार महिने झाले होते, तरी प्रितेशचा जळफळाट काही थांबत नव्हता. थांबेल कसा? सात वर्षं जी पोरगी त्याच्या विरारच्या वर्कशॉपमध्ये इंजिनात कोपरापर्यंत हात घालून राबली, ती एक दिवस उठली आणि बापाच्या वाडीत, जिथे पूर्वी म्हशी बांधायचे त्या गोठ्यात, स्वतःचं गॅरेज थाटून बसली. त्याकडेही त्याने एक वेळ कानाडोळा केला असता. पण मे महिन्यातल्या एका सोमवारी तिने टर्बो गाड्यांच्या क्लबच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. क्लबमधल्याच सुमेधच्या गाडीचा पुढचा बंपर काढलेला, आत इंटरकूलरची जाळी, आणि जाळीसमोर बसवलेले पितळेचे दोन नोझल. वसईतला कुठलाही शेतकरी ते नोझल डोळे मिटून ओळखेल.

प्रितेशने लगेच आवाजी निरोप टाकला. "अरे, ही गाडी आहे का केळीची बाग? वाडीतला फवारा मारून टर्बो गार होत असता तर कंपन्यांनी इंजिनीअर कशाला ठेवले असते? माळी ठेवले असते ना!"

त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. त्यात एक तोंड असं होतं की ज्याच्या गाडीचा गिअरबॉक्स संजनाने ऐन पाडव्याच्या दिवशी, फराळाचं ताट बाजूला सारून, खोलून नीट करून दिला होता. माणसाची जात अशीच. गरज सरो, वैद्य मरो.

संजनाने ते सगळं वाचलं, हात पुसले आणि लिहिलं: "रविवारी दुपारी दोन. कामणची खदान. लागोपाठ पाच फेऱ्या. माझी पाचवी फेरी पहिलीपेक्षा एक सेकंदाहून जास्त मागे पडली, तर गॅरेज बंद करून मी तुझ्या काउंटरवर येऊन बसते."

हे काउंटरचं प्रकरण सगळ्या ग्रुपला ठाऊक होतं. ती सोडून निघाली तेव्हा प्रितेश चारचौघांत म्हणाला होता, "परत आलीस तर घेईन. पण काउंटरवर. गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं, चहा विचारायचा, इंजिनाला हात लावायचा नाही." ज्या माणसाची निम्मी इंजिनं तिने जुळवली होती, तो हे बोलत होता. ते वाक्य तिच्या मनात काट्यासारखं मोडून बसलं होतं, आणि म्हणूनच आज पैजेत तिने नेमकं तेच लावलं.

आता ज्यांना टर्बोचं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर पोरीने केवढा धोका अंगावर घेतला ते कळायचं नाही. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर गरगर फिरणारा पंखा. तो बाहेरची हवा दाबून दाबून इंजिनात कोंबतो. दाबलेली हवा तापते. सायकलला हवा भरताना पंपाचं टोक चटका देतं, तसंच. तापलेली हवा विरळ, तिने इंजिनाचं पोट भरत नाही. म्हणून ती वाटेत एका ॲल्युमिनियमच्या जाळीतून नेतात, तिला समोरून वारा लागतो आणि आतली हवा निवते. ती जाळी म्हणजे इंटरकूलर. साध्या रस्त्यावर हे ठीक चालतं. पण उन्हातला चढ लागोपाठ चढवला की जाळीच तापून बसते, आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीला गाडीचा कॉम्प्युटर इंजिन वाचवायला त्याची ताकद कापतो. कामणच्या खदानीवर प्रत्येकाची पाचवी फेरी तीन-चार सेकंदांनी मागे पडायची. उन्हाळ्यात हे असंच व्हायचं, असं सगळ्यांनी मानून घेतलं होतं. संजनाने मानलं नव्हतं.

उपाय जुनाच होता. जाळीवर बाहेरून पाणी मारायचं. पाणी उडून जाताना आपल्याबरोबर उष्णता घेऊन जातं, माठात होतं तसं. परदेशात हे वर्षानुवर्षं करतात. तिनेही आधी तिकडचेच नोझल मागवले होते, धुक्यासारखं बारीक पाणी सोडणारे. तीन दिवस खटपट केली आणि आत जाणाऱ्या हवेचं तापमान कमी झालं चार अंश. चार! एवढ्यासाठी बंपरला भोकं कोण पाडेल?

त्या तिसऱ्या दिवशी तिचा बाप, श्रीपत, गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून बघत होता. त्रेसष्ट वर्षांचा गडी. पंचेचाळीस वर्षं त्याने पाठीवर पंप घेऊन फवारणी केली होती, स्वतःच्या वाडीत आणि बोलावतील त्या प्रत्येकाच्या. खाडीकाठच्या गावांत पानवेलीवर, केळीवर, पडवळाच्या मांडवावर औषध मारायचं तर श्रीपतलाच बोलवा असं माणसं म्हणत.

"ह्यो धूर हाय, पानी नाय," तो म्हणाला. "वाऱ्यानं उडून जातंय. जालीवर बसतंय कुठं?"

"बाबा, बारीक असलं की लवकर सुकतं. सुकलं की गार होतं. पुस्तकात आहे."

"पुस्तकवाला कुठं ऱ्हातो? वसईत?" श्रीपतने विचारलं. "नाशकाला द्राक्षावर फवारायला गेलतो तवा तितला माठ दात शिवशिवंल असा गार. तोच माठ हितं आनला, तर नुसता ओला. हितली हवाच पानी पिऊन बसली हाय. आनिक किती पिनार?"

संजनाने हातातला पाना खाली ठेवला. खाडीची ओल हवेत असताना पुस्तकी धुकं उडणार कुठे, हे तिच्या ध्यानात यायला हवं होतं. ती याच हवेत वाढली होती.

"मग काय करू?"

"पान भिजलं पायजे, पन टिपूस गलला नाय पायजे. गलला का औषद मातीत गेलं. मारायचं, थांबायचं. सुकत आलं का परत मारायचं."

म्हणून ते पितळेचे नोझल आले, जरा जाड थेंबाचे, पंख्यासारखं पसरून मारणारे. तिने मोटरला टायमर जोडला: दोन सेकंद पाणी, सहा सेकंद थांबा. शुक्रवारी रस्त्यावर नेऊन बघितलं तर तापमान बावीस अंशांनी खाली आलं. सुमेध तर वेडाच झाला. बोळिंजच्या सातव्या मजल्यावर राहणारा, आठवडाभर मुंबईत कॉम्प्युटरसमोर बसणारा हा गोल गरगरीत इसम. त्याचा सगळा जीव त्या गाडीत. तो गाडीच्या टपावर थाप मारून म्हणाला, "संजना, आता त्या प्रितेशला दाखवूच."

रविवारी खदानीवर पंचवीसेक गाड्या जमल्या. खदान बंद पडून बरीच वर्षं झाली होती, पण दगडाची भुकटी अजून रस्त्यावर पिठासारखी पसरलेली असायची. मालकाची परवानगी काढून क्लबवाले तिथे गाड्या पळवत. खालून वरपर्यंत दोन तीव्र वळणं आणि अंगावर येणारा चढ. वेळ मोजायचं काम फ्लॉईड अंकलकडे. वसईचे जुने रहिवासी, कापडी टोपी, गळ्यात घड्याळ, आणि मांडीवर एक वही. त्यांच्या घड्याळाला नावं ठेवायची कुणाची टाप नव्हती.

सुरुवातीच्या रेषेवर धूळ उडू नये म्हणून श्रीपत पाठीला पंप लावून पाणी मारत होता. त्याच्याकडे दोन पंप होते. औषधाच्या पंपाला लाल चिंधी, साध्या पाण्याच्या पंपाला पांढरी. आज तो पांढऱ्या चिंधीचा घेऊन आला होता.

"काका, औषध मारताय का?" प्रितेशच्या घोळक्यातून कुणी तरी ओरडलं. "कीड कुठली पडलीय?"

श्रीपतने घोळक्यावरून सावकाश नजर फिरवली. "बगून सांगतो," तो म्हणाला आणि पाणी मारत पुढे गेला.

दोन वाजता ऊन डोक्यावर होतं. संजना चालवायला बसली, सुमेध शेजारी तापमान वाचायला. पहिली फेरी अठ्ठेचाळीस पूर्णांक चार. म्हणजे पाचवी एकोणपन्नास पूर्णांक चारच्या आत यायला हवी. दोन फेऱ्यांच्या मधे दहा मिनिटं, एवढाच नियम. दुसरी फेरी अठ्ठेचाळीस पूर्णांक सहा. घोळक्यातलं हसणं जरा खाली आलं. प्रितेशने काळा चष्मा काढून पुसला.

तिसऱ्या फेरीला पहिल्या वळणावरच संजनाला कळलं. पायाखाली गाडी मऊ पडली, दमलेल्या बैलाने मान टाकावी तशी. "सत्तर," सुमेध म्हणाला. "चौऱ्याहत्तर. संजना, अठ्ठ्याहत्तर!" वर पोचेपर्यंत एक्कावन्न सेकंद झाले होते, आणि गाडीच्या नाकातून पाण्याचा आवाज येईनासा झाला होता.

खाली येऊन तिने बॉनेट उघडलं आणि बंपरच्या फटीतून आत बघितलं. इंटरकूलरची जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर करड्या रंगाचा गिलावा बसला होता, भिंतीला करावा तसा. पाण्याच्या टाकीचं झाकण काढलं तर आतून फेस वर आला, आणि मोटर त्या फेसावर कोरडी फिरून फिरून जळाली होती. तिने फेसात बोट घातलं. बोटाला बोट चिकटलं.

हा चिकटा तिला लहानपणापासून ठाऊक होता. तिने मान वर करून बापाकडे पाहिलं. श्रीपतचा चेहरा उतरला होता.

"स्टिकर घातला मी," तो हळूच म्हणाला. "सकाली. जरासाच. पानी ठरत नवतं त्या जालीवर. अलवाच्या पानावरनं पलतं तसं पलत होतं. मना वाटलं, चिकटंल तर बरं."

शेतकऱ्याच्या घरात स्टिकर कुणाला सांगावा लागत नाही. गुळगुळीत पानावर पाणी टिकत नाही, म्हणून फवारणीच्या पाण्यात हा चिकट द्रव झाकणभर घालतात. श्रीपतचा हात पंचेचाळीस वर्षं पाण्याबरोबर त्या बाटलीकडे आपोआप जात आला होता. जगातला दुसरा कुठलाही माणूस गाडीच्या टाकीत तो घालणार नाही. चिकट्यावर खदानीची भुकटी बसली, वाऱ्याने थापली गेली, आणि जाळीचा श्वासच बंद झाला.

संजनाला राग आला. खोटं कशाला बोला, तिला इतका राग आला की कानशिलं तडतडू लागली. चार महिन्यांची मेहनत, गॅरेज, नाव, सगळं एका झाकणाने घालवलं, तेही न विचारता. पण ओरडायचं तरी कुणावर? आपलेच दात, आपलेच ओठ. समोर बाप उभा होता, पाठीवर पंप, हात जोडल्यासारखे पोटाशी धरलेले. ते हात तिला बघवेनात.

तेवढ्यात प्रितेश आला, मागे त्याचा घोळका. त्याने वाकून आत बघितलं, फेसात बोट घातलं, वास घेतला. मूर्ख नव्हता तो. त्याला सगळं एका क्षणात कळलं.

"पाणी कुणी भरलं?" त्याने विचारलं. मग आवाज अगदी मायेचा करून म्हणाला, "हे बघ संजना, तू असं करणार नाहीस, मला माहितीय. म्हाताऱ्याने काहीतरी घातलंय. सांग ना तसं. सगळ्यांसमोर सांग की काकांनी घोळ केला. आजचं रद्द करू, पुढच्या रविवारी परत पळव. माझं काही म्हणणं नाही."

बोलणं कसं मधात बुडवलेलं होतं बघा! आणि संजनाने हो म्हटलं असतं तर तिला कुणी नावं ठेवली नसती. ते खरंच होतं. एक आठवडा मिळाला असता, नवी मोटर आली असती, स्वच्छ पाण्याने ती आरामात जिंकली असती. फक्त एवढंच झालं असतं की ज्या माणसाच्या फवारणीवर अख्खा खाडीकाठ डोळे झाकून विश्वास टाकत होता, तो पंचवीस गाड्यांच्या मधोमध घोळ घालणारा म्हातारा म्हणून उभा राहिला असता, लेकीच्या तोंडून.

"पानी मी भरलं," संजना म्हणाली. "टाकी माझी, चूक माझी. फेऱ्या दोन बाकी आहेत."

"कशाने? मोटर जळलीय तुझी."

"ते माझं मी बघते. अंकल, किती मिनिटं?"

"साडेसात," फ्लॉईड अंकल म्हणाले.

"गाडीला हात लावता येणार नाही," प्रितेशचा मध एकदम आटला. "मधे दुरुस्ती चालणार नाही."

अंकलनी वही उघडली, बोटाने ओळ शोधली. "दहा मिनिटं लिहिलंय. दहा मिनिटांत काय करायचं ते लिहिलेलं नाय. नाचायचं तर नाच. सात मिनिटं."

मग काय विचारता! क्लबच्या तंबूत पिण्याच्या पाण्याचे दोन जार होते. अंकलनी मानेनेच खूण केली आणि सुमेधने ते पोटाशी धरून पळवत आणले. इतका वेग त्या माणसात आहे हे त्याच्या बायकोलाही ठाऊक नसेल. श्रीपत अजून जागचा हलला नव्हता.

"बाबा!" संजना खेकसली. "उभा काय राहिलास? मागून मार. जाळीच्या मागून, पुढे ढकलत. चिकटा तुला ठाऊक, मला नाय."

त्या खेकसण्याने म्हाताऱ्यात जीव आला. त्याने पंपात जार ओतला, आडवा पडून बॉनेटखालून नळी आत घातली आणि जाळीच्या पाठीमागून पाणी मारायला सुरुवात केली. जोरात नाही, घाईत नाही. धूळ जिकडून आत शिरली तिकडेच तिला परत हाकलत. करडा चिखल ओघळून जमिनीवर पडू लागला. पहिल्या पाण्याने चिकटा फुगला, दुसऱ्याने सुटला. सुमेध खाली वाकून "अजून, काका, अजून डावीकडे" असं ओरडत होता. संजनाने तोवर जळलेल्या मोटरची नळी कापली होती.

"चार मिनिटं," अंकल म्हणाले.

"बाबा, तुझा पंप मांडीवर घेऊन बसायचं. सुमेध, तू उतर."

सुमेध क्षणभर बावरला. गाडी शेवटी त्याची होती. मग त्याने हेल्मेट काढून श्रीपतच्या डोक्यावर ठेवलं. ते इतकं सैल होतं की आत आणखी एक श्रीपत मावला असता. पंपाची नळी डाव्या खिडकीतून बाहेर काढली, बॉनेटच्या कडेने टेपने चिकटवत पुढे नेली, आणि थेट पितळी नोझलांना क्लिपने जोडली. आता लपवालपवी काही उरली नव्हती. सुमेधच्या चकचकीत गाडीतून, मांडीवर पांढऱ्या चिंधीचा पंप घेऊन, एक शेतकरी बाहेर बघत बसला होता. घोळका पोट धरून हसू लागला. फोन वर झाले.

"हसा," संजना काच खाली करून म्हणाली. "नीट काढा फोटो. नोझल पण येऊ दे त्यात."

चौथी फेरी सुरू झाली. श्रीपत आयुष्यात कधी एवढ्या जोरात गेला नव्हता. पहिल्या वळणावर त्याने गावदेवीचं नाव घेतलं, दुसऱ्यावर घ्यायचं राहूनच गेलं. डाव्या हाताने तो पंपाचा दांडा हलवत होता, उजव्या हातात पाणी सोडायचा घोडा धरला होता, पण पाणी कधी फार पडत होतं, कधी सुटतच नव्हतं. फेरी पन्नास पूर्णांक दोनला संपली. गाडी सुधारली होती, पण पुरेशी नव्हती.

खाली येऊन उभे राहिले तेव्हा श्रीपतने पंपाचा दांडा सोडून दिला.

"माझ्यानं नाय होनार, पोरी. किती सेकंद, कसं मोजू? मना घड्याल कलत नाय एवढ्या धांदलीत."

"सेकंद मोजू नको. वाडीत कसा मारतोस?"

"वाडीत मोजतो कोन? झाड आलं का मारायचं. मदी वाट आली का सोडायचं."

"केळीच्या रांगेत दोन झाडांमधे किती पावलं?"

श्रीपतने डोळे मिटले. हेल्मेटात त्याचे ओठ हलले. "तीन."

"मग तसंच मार. झाड, आणि तीन पावलं वाट. मोठ्यांदा बोल. रस्त्याकडे बघू नको, डोळे मीट पाहिजे तर. रस्ता मी बघते."

दहा मिनिटं संपली. पाचवी फेरी. अंकलनी हात खाली केला.

"झाड!" श्रीपत ओरडला, आणि समोर फस्सकन पाणी सुटलं. "वाट. वाट. वाट. झाड!"

त्याने डोळे मिटून घेतले होते. पहिल्या वळणाला गाडी तिरकी होऊन भुकटीवरून सरकली, पंप दारावर आदळला, तरी त्याचा आवाज हलला नाही. तो कामणच्या खदानीत नव्हताच. तो आपल्या केळीत होता, सकाळच्या वेळी, दवाने ओल्या झालेल्या पायवाटेवर, आणि दर तीन पावलांनी एक झाड येत होतं. संजनाने तापमानाकडे एकदाच नजर टाकली. अठ्ठावन्न. परत बघायची गरजच पडली नाही, कारण पायाखाली इंजिन भरल्या पोटाने ओढत होतं आणि तिला ते कळत होतं. दुसऱ्या वळणाला तिने ब्रेक नेहमीपेक्षा उशिरा मारला. मागच्या चाकाने कडेचे दगड उडवले. "झाड!" बाप ओरडला. "झाड!" तीही ओरडली, का ते तिचं तिलाच कळलं नाही, आणि रेषा मागे गेली.

खाली आले तेव्हा फ्लॉईड अंकल घड्याळ डोळ्यांजवळ धरून उभे होते. ते दोनदा बघितल्याशिवाय कधी बोलत नसत.

"एकोणपन्नास पूर्णांक तीन," ते म्हणाले. "आत आहे."

सुमेधने जी आरोळी ठोकली तिने खदानीतली कबुतरं उडाली. ज्याच्या गिअरबॉक्ससाठी पाडवा घालवला होता तो मनुष्य पुढे येऊन, मान खाली घालून, नोझल कुठे मिळतात ते विचारू लागला. निर्लज्जाला लाज कसली!

पण प्रितेश एवढ्याने गप्प बसणारा नव्हता. पैज गेली होती, ते त्याने ओळखलं. तेव्हा त्याने दुसरीकडून दात लावला, आणि तेही सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "काउंटरवर नको येऊस, ठीक आहे. जिंकलीस. पण मंडळी, एक ध्यानात ठेवा. हिने स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय, पाणी हिनेच भरलं. जिला टाकीत साधं पाणी भरता येत नाही, जी तीन फेऱ्यांत मोटर जाळते, तिच्या गॅरेजला वीस-वीस लाखांच्या गाड्या कोण देणार? मी तर माझी सायकल देणार नाही."

हे वर्मी लागलं, कारण घोळक्यातल्या दोघा-तिघांच्या माना हलल्या. माणसं गाडी कामावर बघून देत नाहीत, विश्वासावर देतात. संजनाला उत्तर ठाऊक होतं. एका वाक्याचं होतं. तिने दात आवळून धरले.

गाडीचं डावं दार उघडलं. श्रीपत उतरला, ते भलंमोठं हेल्मेट काढून त्याने टपावर ठेवलं, आणि ओल्या कपड्यांनी, पंप एका खांद्याला अडकवून, तो चालत थेट फ्लॉईड अंकलच्या खुर्चीपुढे जाऊन उभा राहिला.

"बाबा, गप्प," संजना म्हणाली. "बोलू नको काही."

"का नको बोलू?" तो तिच्याकडे न वळताच म्हणाला. आवाज वाडीच्या या टोकापासून त्या टोकाला हाक मारायचा होता. "पानी मी बिगडवलं. तिनं नाय. तिनं मना वाचवायला तोंड घातलं. पंचेचालीस वरसं फवारतोय, लोकांचं एक पान करपवलं नाय. आज माज्याच पोरीची गाडी मी करपवली. आन सोडवली ती पन मीच, हिनं सांगितलं तशी." त्याने वहीकडे बोट दाखवलं. "दोन्ही लिवा."

कुणी हसलं नाही. फ्लॉईड अंकलनी प्रितेशकडे बघितलं, मग वही उघडून पेन झटकलं.

"नाव काय लिहू तुझं?"

"श्रीपत."

"काम?"

श्रीपत अडखळला. या गाड्यांच्या गर्दीत आपल्या कामाला काय म्हणतात ते त्याला ठाऊक नव्हतं. संजना त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिने बापाच्या ओल्या खांद्यावरून पंपाचा पट्टा काढला, पंप स्वतःच्या पाठीला लावला, पांढरी चिंधी पुढे येईल असा नीट बसवला, आणि प्रितेशच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाली, "लिहा अंकल. गॅरेजचा मालक. अर्धा तो, अर्धी मी. ज्याला गाडी द्यायची त्याने उद्या सकाळी वाडीत यावं, आणि आधी त्याला रामराम घालावा."